रात्री पाय काढून ठेवायचा

मी फिजिओथेरपिस्ट. इंग्लंडात, साउथहॅम्प्टनमध्ये, पाय गेलेल्या लोकांना कृत्रिम पायावर चालायला शिकवणं हे माझं काम. आणि पेशंटला झापणं हाही माझ्या मते त्यातलाच भाग. नवरा म्हणतो, तुझ्या हाती सापडण्यापेक्षा लंगडलेलं बरं. म्हणेना का.

युक्रेनमधल्या एका हॉस्पिटलशी आमच्या डिपार्टमेंटचं टाय-अप झालं आणि दर गुरुवारी लंच ब्रेकमध्ये व्हिडिओ कॉल सुरू झाला. तिकडची फिजिओ तरुण, इंग्लिश छान. ती पेशंट दाखवायची, आम्ही सल्ले द्यायचो. एकदा तिने प्राथमिक शाळेतल्या एका टीचरला समोर बसवलं. बाईंचा डावा पाय गुडघ्याखाली गेलेला. आम्हीच पाठवलेल्या पायावर ती मस्त चालायला लागली होती, आणि आता पाय जिथे बसवतात तिथली कातडी सोलवटून पू झाला होता. इन्फेक्शन वर चढलं तर गुडघ्याच्या वरून कापावं लागणार. गुडघा गेला की चालणं दसपट अवघड, आणि हे तिलाही माहीत होतं.

टीचरला इंग्लिश येत नव्हतं, फिजिओच मध्ये भाषांतर करायची. मी खोदून खोदून विचारलं. धुतेस का? कोरडा करतेस का? सगळं करत होती. मग मी फोन जवळ आणायला लावला, आणि कातडीत रुतलेले वळ बघून माझं डोकंच फिरलं.

"रात्री पाय काढते ना ही?"

टीचरने मान खाली घातली. नाही काढत.

झालं. मी सुटलेच. "पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना, झोपताना काढायचा म्हणून? लहान मूल आहे का ही? गुडघा घालवायचाय का तिला?"

त्या फिजिओने यातलं एक अक्षरही तिला सांगितलं नाही. मलाच म्हणाली, "ही सहाव्या मजल्यावर राहते. हल्ल्याचा सायरन झाला की लिफ्ट बंद, पाय चढवत बसायला वेळ नसतो. आईला दिसत नाही, तिला हाताला धरून तळघरात न्यावं लागतं. कुबड्या घेतल्या तर हात कुठून आणायचा?" वर म्हणाली, "मीसुद्धा बूट घालूनच झोपते."

इतकी वर्षं हेच शिकवतेय मी. रात्री पाय काढायचा, पलंगाशेजारी ठेवायचा. रात्री कुणाला पळावं लागेल हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. आमच्याकडे फायर अलार्म वाजला तर लोक आधी चहा संपवतात.

"मग काय करू ते सांगा," टीचरने विचारलं. फिजिओने ते मात्र मला जसंच्या तसं सांगितलं.

खोटं बोलता येईना. म्हटलं, जखम भरेपर्यंत रात्री काढायलाच हवा. नाहीतर गुडघा जाणार. हे सांगताना मला स्वतःचीच चीड आली. टीचरने शांतपणे मान डोलावली.

नंतरचे काही गुरुवार ती आली नाही. मी धसका घेतला होता. मग एकदा कॉल लागला आणि समोर तीच. कातडी कोरडी, गुलाबी, छान भरलेली. आमचे सगळे खूश, टाळ्याच वाजवायला लागले. आमचे मोठे डॉक्टर, कन्सल्टंट, तर म्हणाले, हे फोटो पुढच्या ट्रेनिंगला दाखवू.

मी विचारलं, "आणि सायरनचं काय करतेस?"

फिजिओने विचारून सांगितलं. मायलेकींनी आपले पलंग तळघरात हलवलेत. टीचर शाळेला जायला वर येते. आई तेव्हापासून एकदाही वर आलेली नाही.

"तिला तसंही दिसत नाही," टीचर म्हणाली. "खाली काय, वर काय." आणि ती हसली, आम्ही काळजी करू नये म्हणून. इकडे माझ्या शेजारी सगळे अजून टाळ्या वाजवत होते.