मामाचं पडणं आणि माझं धरणं

सांगतो, पण हसायचं नाही. माणसाचं मनगट मोडलंय. आणि मोडणारा मी आहे.

आता काय आहे, मी मारामारीचे व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे. कोण कसा ठोसा मारणार, कसा आपटणार, हे ठरवणं माझं काम. या वेळी माझ्या वाट्याला हिरोचा जोडीदार आला. मी त्याला उड्या दिल्या, लाथा दिल्या, गदा दिली. तीन वेळा नापास! आमची मॅडम म्हणाली, "अरे, हा हिरोलाच खाऊन टाकतोय. त्याच्यामुळे हिरो मोठा दिसला पाहिजे."

असा माणूस आणायचा कुठून? आणि मला मामा आठवला.

मामा काळाचौकीला राहतो. शिवडीच्या गोदामातून रिटायर झाला. पण त्याची खरी नोकरी म्हणजे मंडळाच्या माघी गणपतीतलं दशावतारी नाटक. तीस वर्षं तो त्यात राक्षस होतो, आणि राजा मोठा दिसायला राक्षसाला मरावंच लागतं. औंदा शेवटचं, असं मामीने बजावलं होतं, गुडघ्यांमुळे. नाटकाला पंधरा दिवस होते. मामा वर्षभर त्या एका संध्याकाळची वाट बघत होता हो!

रविवारी सकाळी गेलो. टेबल सरकवलं, मोबाइल पाण्याच्या फिल्टरला टेकवून रेकॉर्डिंग चालू केलं.

मामाने विचारलं, "तुका मारूक शिकूचा हा काय पडूक?"

"मारायला."

"मारणारे खंयय गावतत रे. पडणारो गावणा नाय. घे ता लाटणा, नि मार."

मी लांबूनच लाटणं फिरवलं. मामा थबकला. डोळे पांढरे केले, छातीवर हात गेला, तोंडातून विचित्र आवाज आला आणि पाय दुमडायला लागले.

आता मला सांगा, दिवसभर माणसं पाडणारा मी. मला कळायला नको? पण नाही कळलं! "मामा!" म्हणून मी झेप घेतली, त्याला धरायला. गुडघा कुठे टेकायचा, खांदा कुठे, सगळं त्याचं ठरलेलं. माझे नव्वद किलो तेवढे त्यात धरलेले नव्हते. कट्कन आवाज आला. मला वाटलं लाटणं मोडलं. लाटणं शाबूत होतं.

मामी आतून धावत आली. "काय झाला?"

"मामाला अटॅक आला!"

"अटॅक नाय रे मेल्या, नाटक!" मामा माझ्याखालून ओरडला. "ऊठ आधी! माझो हात!"

"कुठला? डावा ना?" मी म्हटलं. "मामी, डावा हात दुखतोय! हेच लक्षण असतं!"

झालं! मी गॅलरीत जाऊन बोंब ठोकली. मंडळाची चार पोरं आली, मामाला खुर्चीत घालून तीन जिने उतरवला. तो बिचारा "हात, हात" करतोय आणि पोरं म्हणतायत, "काका, बोलू नका, दम लागेल." हॉस्पिटलात डॉक्टरांना मीच सगळं सांगितलं, मामाला बोलूच दिलं नाही. ईसीजी काढला. हृदय एकदम ठणठणीत. मग मामाने शांतपणे हात वर केला. मनगट सुजून टम्म झालं होतं.

सहा आठवडे प्लास्टर.

टॅक्सीत मामा बाहेर बघत राहिला. लालबागला सिग्नल लागला तेव्हा एवढंच म्हणाला, "गेलो माझो राक्षस." शिवी घातली असती तर बरं झालं असतं. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू?

सोमवारी ऑफिसात मॅडमने ते रेकॉर्डिंग बघितलं. एकदा, दोनदा, तीनदा. म्हणाली, "काय पडतोय हा माणूस! असाच हवा. पण मध्ये हा जाडा कोण घुसलाय? त्याला काप."

"आहे एक ओळखीचा," मी म्हटलं.

आणि मामा? ऐकला नाही. राक्षसाच्या अंगरख्याची बाही केवढी ढगळ, प्लास्टर तिच्यात गडप. "उजव्या अंगार पडतलंय," म्हणाला. डॉक्टर नको म्हणाले, मामी चार दिवस बोलली नाही, तरी तो उभा राहिला.

मी मुद्दाम मागच्या रांगेत बसलो, मामी शेजारी. युद्ध सुरू झालं. पखवाज वाढला. राजाने तलवार उगारली, मामा थबकला, डोळे पांढरे, छातीवर हात. अख्खा मंडप श्वास रोखून! मामीने माझा दंड दोन्ही हातांनी गच्च आवळला. अगदी नखं रुतली. मला भरून आलं. शेवटी किती झालं तरी नवरा आहे तिचा.

मी हळूच म्हटलं, "मामी, घाबरू नको गं. नाटक आहे."

"मी खंय घाबारतंय?" स्टेजवरची नजर न हलवता मामी म्हणाली. "मंडळान माका हंयसर मुद्दाम बसवल्यान, तुका धरून ठेवूक."