लोकांची भांडी

दवाखान्यातून फोन आला तो विमलताईच्या प्रशांतचाच. "काकू, आई गेली," एवढंच म्हणाला. मला आधी रडू आलं नाही, आधी राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. विमलताईला जाऊन महिना होत आला. लोक म्हणतात, वय झालं होतं, मांडीचं हाड मोडलं की म्हातारं माणूस उठत नाही. असेल. पण सून म्हणून नालवाडीत आले तेव्हापासून मी तिच्या भिंतीला भिंत लावून राहिले. हाड सांधलं होतं. वॉकर घेऊन ती चालायला लागली होती. खचली ती घरी आल्यावर.

शाळेत खिचडी शिजवून तिनं मुलाला इंजिनिअर केलं. घर दोन खोल्यांचं, साड्या मोजक्या, समोर बुद्धाची मूर्ती, एक दिवाण, दोन खुर्च्या. मग पसारा होता कुठं? होता तो स्वयंपाकघरातल्या फळीवर. तिथं गंज, कटोरे, डबे एकात एक घालून ठेवलेले असत, आणि त्यातले निम्मे तिचे नव्हतेच! आमच्या गल्लीत भाजी, पुरण, लोणचं या घरातून त्या घरात जातच असतं, आणि आलेलं भांडं कोणी रिकामं परत करत नाही. विमलताईचा तर या बाबतीत कहर होता. मनासारखं काही हातून झाल्याशिवाय ती भांडं हलवायचीच नाही. चिमूटभर साखर घालून भांडं परत करणाऱ्या बायांची तिला चीड. "साखर का त्यायच्या घरी नाई?" म्हणायची. माझा चटणीचा कटोरा एकदा उन्हाळा संपता संपता परत आला, पण काठोकाठ शेवयांनी भरून. गल्लीतल्या बायका तिला चिडवायच्या, पण भांडं कोणी मागायचं नाही. विमलच्या फळीवर आहे म्हणजे येणार, काहीतरी चांगलं घेऊन येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ती सेवाग्रामला दवाखान्यात होती तेव्हा प्रशांत पुण्याहून आला. मुलगा वाईट नाही, तेच तर दुखतं. आईचं सगळं त्यानं स्वतःच्या हातानं केलं. पण फोनवर कुणाचे तरी व्हिडिओ बघून त्याच्या डोक्यात भरलं होतं, की वर्षभर ज्या वस्तूला हात लागला नाही ती काढून टाकायची, म्हणजे मन हलकं होतं. सेवाग्रामच्या एवढ्या जवळ जन्म काढलेल्या बाईला थोडक्यात जगायला शिकवायचं होतं यांना! मी तेव्हा हिंगणघाटला लेकीकडे गेलेली. परत आले तर फळी चकाचक. भांड्यांवर नावं कोरलेली होती... सौ. बेबी, कमल, शालू. आपल्याकडे स्वतःच्या भांड्यावर स्वतःचं नाव घालतात, आणि आहेरात दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं. यानं सगळा आहेरच समजला. आईच्या नावाची चार ठेवली आणि बाकीची भंगारवाल्याच्या गाडीवर चढवली.

विमलताई घरी आली, वॉकर टेकत थेट आत गेली. "अरे, इथली भांडी कुठं हाय?"

"आई, तुझी सगळी ठेवलीत. बाकीचा जुना आहेर होता. कोण वापरत होतं?"

तिनं वॉकर वळवला. दिवाणावर येऊन बसली. नंतर त्याला चूक कळली तेव्हा म्हणाला, "एवढंच ना? नवीन सेट मागवतो सगळ्यांसाठी." अरे शहाण्या, सेट काय मागवतोस! बेबीचा गंज तिच्या मेलेल्या आईनं दिलेला होता. बेबी पाहुण्यांसाठी तो मागायला आली तेव्हा विमलताईची मान वर होईना. "देतो वं, देतो," एवढंच बोलली. बेबी गेल्यावर मला म्हणाली, "शालू, जिंदगीत कोनाचं भांडं खाली नाई धाडलं म्या. आता लोकायले तोंड कसं दाखवू?" त्यानंतर ती दारासमोरच्या ओट्यावर बसली नाही. कोणी काही घेऊन आलं की आतूनच, "मले नोको वं, पोट भरलं." गल्लीत खाण्याची सगळ्यात शौकीन बाई ही! घेणं बंद, देणं बंद, आणि हळूहळू जेवणंही बंद; शेवटी पुन्हा दवाखाना. घर मात्र छान मोकळं झालं होतं.

ती गेली त्या दिवशी आलेल्यांना चहा द्यायला त्या घरात कप पुरले नाहीत. मातीनंतर बेबी पातेलंभर वरण आणि भात घेऊन आली. कशी आली असेल, तिचं तिलाच ठाऊक. जेवणं झाल्यावर प्रशांतनं पातेलं घासलं, पुसलं आणि मला विचारलं, "काकू, हे कोणाचं?"

"वाचता येते ना तुले? नाव हाय त्यावर."

त्यानं पातेलं फिरवून बघितलं. "बेबीकाकूंचं."

"मंग नेऊन देजो. आन् खाली नको नेजो."

तो पातेलं घेऊन स्वयंपाकघरात गेला. एकेक डबा उघडल्याचा आवाज येत राहिला... मग थांबला. त्या घरात काहीच नव्हतं, साखरसुद्धा चहात संपली होती. माझ्या घरी होती, भिंतीपलीकडे. मी उठले नाही.

दुसऱ्या दिवशी घराला कुलूप लावून, किल्ली माझ्याकडे देऊन तो पुण्याला गेला. झाडायला म्हणून मी अधूनमधून उघडते. फळीवर बेबीचं पातेलं पालथं घातलेलं आहे. बेबी मागत नाही. आणि भरायचं ते त्यानं येऊन भरावं, मी हात लावणार नाही.