सरासरी सरांचा नकाशा

कुणी गेल्याचं कळलं की माणसं हळहळतात. आमचे सर विचारायचे, "वय किती? महिना कुठला?" समोरचा दुखावला जायचा. सरांनाही ते कळायचं, पण उत्तर मिळेपर्यंत ते जागचे हलायचे नाहीत. दौंडच्या कॉलेजात ते आम्हाला संख्याशास्त्र शिकवत. पोरांनी त्यांचं नाव 'सरासरी सर' ठेवलं होतं.

शिरूरच्या जुन्या मिशन कंपाउंडात त्यांचं घर. तिथून रोज एसटीनं यायचे. पुस्तकात नसलेला एक तास ते दरवर्षी घ्यायचे. दोनशे वर्षांमागं फ्रान्सच्या सरकारनं कोर्टातल्या गुन्ह्यांचे आकडे दरवर्षी छापायला सुरुवात केली. बेल्जियममधला एक खगोलशास्त्रज्ञ ते आकडे घेऊन बसला आणि चक्रावला. दरवर्षी जवळपास तेवढेच खून. सुऱ्यानं किती, बंदुकीनं किती, तेही प्रमाण जवळपास तेच.

सर खडू खाली ठेवायचे. "मीटिंग घेतली होती का कुणी? गेल्या साली एवढे मारले, यंदाही तेवढेच मारू, अशी? गुन्हा समाज शिजवतो, बाळांनो. गुन्हेगार तो नुसता ताटात वाढतो."

त्यांचा खरा जीव मात्र त्याच काळातल्या एका फ्रेंच वकिलावर. त्यानं देशाचा नकाशा रंगवला. गुन्हे जास्त तिथं रंग गडद. लोक समजत होते, शाळा आल्या की गुन्हे घटतील. नकाशा तसं म्हणेना. "नकाशाशी भांडता येत नाही," सर म्हणायचे. "आणि त्या खगोलवाल्यानं आशाही ठेवलीय. कारण बदला, आकडा बदलेल."

मी पोलिसात लागले. काही वर्षांनी बदली होऊन याच भागातल्या एका ठाण्यात आले, तेव्हा सर निवृत्त झाले होते. एक दिवस ते ठाण्यात आले आणि पिशवीतून वर्तमानपत्रांची कात्रणं काढून त्यांनी माझ्या टेबलावर मांडली. विहिरीत पडून गेलेल्या लग्न झालेल्या मुली. सगळ्या तिशीच्या आतल्या. प्रत्येक बातमीत 'पाय घसरून'. त्यांनी तालुक्याचा नकाशा पेन्सिलीनं रंगवला होता.

"दरवर्षी तेवढेच पाय घसरतात, बाळ," ते म्हणाले.

सगळ्यांत गडद गावच्या ग्रामसभेत त्यांनी तो नकाशा भिंतीवर लावला. मी बंदोबस्ताला होते. सरपंच उठले. "सर, तुमी शिकलेली मान्सं. गावाला काळं फासायला आला का?" मग एक आबा म्हणाले, "इहिरीला कठडे न्हाईत, म्हून पडत्यात पोरी. कठडे बांधू. मग तर झालं?" टाळ्या पडल्या. सर नकाशाची गुंडाळी करत राहिले.

कठडे खरंच बांधले. पुढच्या उन्हाळ्यात त्याच गावात दोन वर्षांच्या लेकराची आई विहिरीत सापडली. पंचनामा माझ्याकडे होता. सासरचे म्हणाले, पाय घसरला. माहेरचे मान खाली घालून तेच म्हणाले. मी तेच लिहिलं.

सर दुपारी ठाण्यात आले. "कठडा केवढा आहे?"

"छातीएवढा."

"त्यावरून पाय घसरला?"

"सर, जबाबच तसे आहेत. मी काय करणार?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. पाणी प्यायले, पिशवी उचलली. "चूक तुझी नाही, बाळ. पण त्या आकड्याच्या कारणांपैकी तू एक आहेस."

दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन विहिरीवर गेले. कठड्याची उंची मोजली, पुरवणी पंचनामा केला, सासरच्यांना पुन्हा जबाबाला बोलावलं. सरांना फोन केला. त्यांनी उंचीचा आकडा दोनदा विचारून घेतला. मग म्हणाले, "एवढंच पाहिजे होतं."

आठवड्यानं त्या मुलीचे वडील आले. टोपी हातात. "मॅडम, तिला ल्हानपनापास्नं फेफरं यायचं, आसं लिवा. चक्कर आली आन् झुकली."

"खरंच यायचं?"

ते टोपीची घडी घालू लागले. मग म्हणाले, "धाकटीला तितंच देतोय. लेकराला आई नको का? आता त्या घराशी वाकडं घिऊन कसं भागंल?"

मी लिहून घेतलं. त्या जबाबापुढं उंचीला काही अर्थ उरला नाही. कागद बंद झाले.

पावसाळ्यात सर अंथरुणाला खिळल्याचं कळलं, तेव्हा शिरूरला गेले. त्यांची बहीण सांभाळत होती. ओळखायला त्यांना वेळ लागला. मग त्यांनी माझं मनगट धरलं. "त्या केसचं काय झालं?"

"तपास चालू आहे, सर."

"बघ," ते म्हणाले. "आता बदलेल."

पाचव्या दिवशी ते गेले. त्यांना मातीत ठेवताना पाळकांनी प्रार्थना म्हटली. मला डोळे मिटता येईनात.

मागच्या महिन्यात त्या गावावरून गाडी गेली. धाकटी विहिरीवर मोटार चालू करायला आली होती, काखेत बहिणीचं पोर. गाडीचा आवाज ऐकून तिनं वर पाहिलं, माझी वर्दी दिसली, आणि पदर पुढं ओढून ती पाठमोरी झाली. ड्रायव्हरनं विचारलं, "थांबायचं का, मॅडम?"

मी नको म्हटलं.