दुसरा चौकोन

नॉर्वेवाले आपल्या कादंबरीच्या प्रत्येक पानाखाली दोन चौकोन आखत. औषधाच्या लेबलावर असतात तसे: पहिला औषध देणाऱ्याचा, दुसरा तपासणाऱ्याचा. पहिल्यात त्यांची सही असे. दुसरा माझ्यासाठी.

आयर्लंडमध्ये, ड्रोहेडातल्या एका फार्मसीत ते मुख्य फार्मसिस्ट होते, मी काउंटरवर. पुण्यात मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर बातम्या तपासायचे हे कळल्यावर कादंबरीची तपासणी माझ्याकडे आली. लिखाण नॉर्वेजियनमध्ये. जेवणाच्या सुट्टीत ते एकेक पान इंग्रजी करत वाचून दाखवत. गोष्ट आपल्या मासेमारीच्या गावी परत निघालेल्या माणसाची होती. ते स्वतः लग्न करून इथे आले, ते परत गेले नव्हते.

"सरळ इंग्रजीतच का लिहीत नाही?" मी विचारलं.

"इंग्रजीत मी आयुष्यभर 'दिवसातून दोनदा, जेवणानंतर' एवढंच सांगितलं. कादंबरीतली आई त्या भाषेत बोलायला लागली, की गिऱ्हाईक वाटते."

एकदा लस घेणाऱ्यांची रांग लागली होती. मी न ऐकताच सही केली. त्यांनी पान फाडलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहून आणलं.

"न तपासता सही केली, की माणूस मरतो."

"कादंबरीतला?"

"जीव त्यालाही एकच असतो."

त्यांच्या मुलाला नॉर्वेजियन येत नाही. "मी थकून घरी यायचो. इंग्रजी सोपं पडायचं," ते म्हणाले. "तुझी लेक?"

"मराठी समजतं. उत्तर इंग्रजीत देते."

"मग तुला अजून वेळ आहे."

ते वारले त्यानंतरच्या आठवड्यात त्यांचा मुलगा शेवटचं पान घेऊन काउंटरवर आला. पहिल्या चौकोनात थरथरती सही. तो माणूस गावी पोचला का, हे त्या पानावर आहे.

"तुमची सही झाली की पुस्तक पूर्ण," मुलगा म्हणाला. "पानावर फोन धरा, भाषांतर होईल."

मी फोन काढला नाही. त्यांचा आवाज त्यात नव्हता. पान घरी आणलं, सही न करता.

त्या आठवड्यात रोज जेवताना लेकीला कादंबरी मराठीत सांगितली, पहिल्या पानापासून. ती मधूनमधून इंग्रजीत प्रश्न विचारत होती. गोष्ट शेवटच्या पानापर्यंत आली आणि मी थांबले.

"मग पोचला का तो?" तिने विचारलं. मराठीत.

"अजून तपासायचं आहे," मी म्हणाले.