ओंडक्यावरचा पंजा

जुमा शारजातल्या लाकडाच्या वखारीत वॉचमन. टांझानियातल्या त्याच्या गावाचं जंगल गावसमितीच राखायची. बियांसाठी राखलेल्या झाडांवर जुमा आपला करंगळी नसलेला पंजा पांढऱ्या रंगात उमटवायचा. त्या झाडाला कुणी कुऱ्हाड लावायची नाही!

आज कंटेनरमधून उतरलेल्या ओंडक्यावर तोच पंजा दिसला. जुमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"चोर शोध आधी!" त्याचं सगळं ऐकून रत्नागिरीचे सुपरवायझर मोहिद्दीनभाई म्हणाले.

जुमानं समितीच्या अध्यक्षाला, आपल्या थोरल्या भावाला, फोन लावला.

"चोरी कसली? ती झाडं सभेत ठरवूनच विकली," भाऊ म्हणाला. "नाहीतर तुझ्या विमानाच्या तिकिटाचे पैसे कुठून आणले असते?"

मोहिद्दीनभाईंनी विचारलं, "सापडला चोर?"

"सापडला, भाई. तुमच्याच गेटवर बसतो."