पहिला वार कुणाचा?

आबांनी नानाला फसवलं. आबा म्हणजे आमचे माजी सरपंच आणि नाना म्हणजे रिह्याच्या खोऱ्यात वरच्या वाडीवर राहणारा, माझ्या वखारीला आयुष्यभर बांबू पुरवणारा माणूस. नाना गेला. आबा अजून हार घालून घेतायत. मला गोड लिहिता येत नाही, जमेल तसं लिहितो.

उरवड्याच्या रस्त्याला माझी बांबूची वखार आहे. डोक्यावर ओझी वाहून ती उभी केलीय, त्यामुळे भाव पाडल्याशिवाय मी माल उतरवून घेत नाही. माझ्यासमोर भलेभले घासाघीस करून थकले. नाना मात्र एकदाच भाव सांगायचा आणि माझ्याकडे पाठ करून विडी ओढत बसायचा. मी ओरडायचो, शिव्या द्यायचो, गाडी परत न्यायला सांगायचो. तो मान न वळवता म्हणायचा, "दामू, घसा कोरडा पडंल. च्या सांग." त्या पाठीपुढे मी दरवेळी हरलो. चहाही मीच पाजला.

वाडीच्या वर देवाची राई आहे. पलीकडच्या उतारावर एका दलालाने प्लॉट पाडले आणि त्याला राईतून रस्ता हवा झाला. आबांनी सगळ्यांना देवळात बसवून बेलभंडार उचलायला लावला, की राईला कुणी हात लावला तर कुणीही मागे सरायचं नाही. नानानेही उचलला. खाली येताना मी त्याला म्हटलं, "असल्या शपथा लोक घरी जाईपर्यंत पाळतात." तो म्हणाला, "तुझ्या वखारीत चालत आसंल तसलं. ह्यो भंडारा हाय."

दलालाची माणसं मशीन घेऊन आली, त्या सकाळी राईत दोघेच पोचले. नाना आणि आबा. बाकीच्यांना अचानक शेतातली कामं आठवली. दलालाच्या माणसांत किरण नावाचा एक परजिल्ह्यातला पोरगा होता. त्याने लोखंडी गज चालवला. नानाच्या खांद्यावर तो बसला. दुसऱ्यांदा गज वर गेला तेव्हा नानाने कमरेचा कोयता ओढला आणि एकच घाव घातला. पोरगा तिथेच गेला.

मी तेव्हा वखारीत होतो. हे मला आबांनीच सांगितलं. दुपारी धापा टाकत आले, पाण्याचा तांब्या रिकामा केला आणि म्हणाले, "दामूशेठ, पहिला वार त्या पोराचा. नानानं नसता घातला तर नाना गेला असता. माझ्या या डोळ्यांनी बघितलं." आणि संध्याकाळी पोलिसांना त्यांनी जबाब दिला, की मी वाकून चपलेचा अंगठा नीट करत होतो, काही दिसलं नाही.

नाना तुरुंगात गेला. मी वकील दिला. दहाव्याच्या दिवशी नानाने तुरुंगातल्या न्हाव्यापुढे बसून डोकं आणि मिशा उतरवल्या. त्या पोराचं सुतक त्याने धरलं होतं. वकिलाने कपाळाला हात लावला. मी भेटीला गेलो तेव्हा जाळीपलीकडून ते गुळगुळीत डोकं बघून माझा तोल गेला.

"तुला अक्कल आहे का? हा काय तुझा भाऊ होता?"

"आरं, माझ्या हातानं गेला त्यो. हितं त्याचं दुसरं कोण व्हतं सुतक धरायला?"

गावाने याचा सरळ अर्थ काढला, नानाने गुन्हा कबूल केला. चावडीवर आबाच म्हणाले, "त्यानं सोताच मुंडन केलं, आता मी कुठल्या तोंडानं साक्ष देऊ?" त्यांचं तोंड दलालाच्या कामाकडे लागलं होतं. पुढे त्याच प्लॉटांवर त्यांचा मुलगा सुपरवायझर म्हणून लागला.

शेवटी नाना सुटला, पण पुराव्याअभावी. निकालाच्या दिवशी किरणची आई आली होती. ती कोर्टाबाहेरच्या बाकावर बसली होती, नाना तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. तिने विचारलं, "माझ्या लेकरानं तुमचं काय वाईट केलतं हो?"  नाना माझ्याकडे येऊन म्हणाला, "मला सांगता आलं न्हाई. त्यो आदी मारायला आला का मीच धावलो, आता मलाच कळंना. रोज येगळंच दिसतंय."

"अरे, पहिला वार त्याचाच होता. आबा मला म्हणाले."

"तू व्हतास का तितं? तू वखारवाला. माल खपवायला तू कायबी सांगशील."

ते मला लागलं, पण त्याचं बरोबर होतं. जो तिथे उभा होता त्याचाच शब्द त्याला हवा होता.

मग तो आबांच्या दारात गेला. मी सोबत होतो. नाना अंगणातच थांबला. "आबा, कोरटाचं झालं. आता मला एकट्याला सांगा. पयला वार कुणाचा?"

आबा झोपाळ्यावर होते. म्हणाले, "नाना, झालं ते झालं. मी काही बघितलं नाही."

मी शिवी हासडून पुढे झालो. नानाने माझा हात धरला आणि मला ओढतच फाटकाबाहेर काढलं. "नगं," म्हणाला, "तेंच्या घरात सूनबाळ हाय."

त्यानंतर त्याने कोयता धरला नाही. बांबू त्याचा मुलगा आणायचा. नाना गाडीबरोबर यायचा आणि मी सांगेन त्या भावाला मान डोलवायचा. मी मुद्दाम भलताच कमी भाव सांगून बघितला, भांडेल म्हणून. "दे तुला परवडंल ते," म्हणाला. त्या दिवशी मला माझ्या जिंकण्याची किळस आली.

गेल्या थंडीत तो तापाने गेला. छबूकाकी, त्याची बायको, सांगते, तापात एकच विचारत होता, "आबा आलं का?"

त्या पोराच्या मरणानंतर दलालाने रस्ता राईबाहेरून वळवला, म्हणून राई उरली. आता तिच्या तोंडाशी फलक लागलाय, राई वाचवणारे म्हणून आबांचं नाव. परवा सत्कार झाला. आबा भाषणात म्हणाले, "आम्ही जिवावर उदार झालो." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आबा, येत्या ग्रामसभेला मी पुढे बसणार आहे. छबूकाकीला आणणार आहे, आणि किरणच्या आईचा पत्ता काढलाय, तिलाही आणणार आहे. तिला उत्तर मिळालेलं नाही, तिचाही हक्क आहे. कोर्ट नको, पोलीस नकोत. ज्या देवळात भंडारा उचलायला लावलात, त्याच देवळापुढे उभे राहा आणि या दोन बायकांच्या तोंडाकडे बघून सांगा. पहिला वार कुणाचा होता?