तिच्या रेकॉर्डवरची माझी तोडी

वाढदिवसाला नवऱ्याने मला तिची रेकॉर्ड आणून दिली. तिचा पहिलावहिला अल्बम, आता नव्याने काढलेला, जाड पुठ्ठ्याच्या कव्हरात. "अगं, ही तुझ्या वेगेमधली मैत्रीण ना? दुकानात दिसली. म्हटलं, तुला आवडेल." मी "वा, मस्त" म्हटलं आणि केक कापायची सुरी शोधायला स्वयंपाकघरात गेले. सुरी बाहेर टेबलावरच होती.

मैत्रीण कसली! कोलोनला शिकत असताना आम्ही दोघी एका वेगेत, म्हणजे वाटून घेतलेल्या घरात, दोन वर्षं शेजारशेजारच्या खोल्यांत राहिलो, एवढंच. ती सोल गायची, ते पोटातून, दुखून-खुपून गायचं गाणं. कुणाकडे शिकलेली नाही, गळा सांभाळणं नाही. बाल्कनीत सिगरेट विझवायची आणि सुरू व्हायची. तरी असा काही सूर लागायचा, की खालच्या मजल्यावरच्या आजी खिडकी उघडून ऐकत बसायच्या. मी अकरा वर्षं शिकले होते. माझ्यासाठी त्या आजींनी खिडकी एकदाच उघडली, आज रविवार आहे, इथे रविवारी आवाज करत नाहीत, याची आठवण करून द्यायला.

एका सकाळी ती फोन घेऊन माझ्या दारात उभी राहिली. भिंतीपलीकडून तिने माझा रियाज रेकॉर्ड केला होता. तोडी, तीही अर्धवट, मध्ये खाकरणं, थांबणं, पुन्हा तीच ओळ. "हे मला अल्बममध्ये हवंय," ती म्हणाली. "दोन गाण्यांच्या मध्ये, अर्धा मिनिट. तुझं नाव छापू."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या गाण्याच्या बाई म्हणायच्या, रियाज म्हणजे आंघोळ, ती दार लावून करायची. मी तिला सांगितलं, हे कच्चं आहे, वर्षभर थांब, नीट तयारी करून तुला गाऊन देते. "पण मला हेच आवडलंय," ती म्हणाली. मी हट्टालाच पेटले. रेकॉर्डिंग समोर पुसायला लावलं. माझं नावही कुठे नको म्हणून बजावलं. तिने मुकाट्याने पुसलं. वर्षभर मात्र ती थांबली नाही. कशाला थांबेल?

अल्बम आला. त्या अर्ध्या मिनिटाच्या जागी तिने स्वतःच गुणगुणलं होतं. माझीच ओळ, आठवेल तशी. तोडीतला गंधार नेहमीच्या कोमल गंधारापेक्षाही किंचित खाली लावायचा असतो. तो गळ्यात बसावा म्हणून बाईंनी माझं अख्खं एक वर्ष खाल्लं होतं. तिचा गंधार चढा, सरळ पियानोवरचा. आणि वर्तमानपत्रांनी नेमकं त्याच अर्ध्या मिनिटाचं कौतुक केलं! माझा नुसता जळफळाट झाला. चुकीच्या सुराचं कौतुक म्हणून झाला, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं तर ती चुकली नसती तर मी जास्त जळले असते.

तो अल्बम मी धड ऐकलेलाच नाही, असं नवऱ्याला आजवर सांगत आले. साफ खोटं. इतकी वर्षं ट्रामने ऑफिसला जाताना मी तो ऐकते. दर वेळी तो गंधार चढा लागतो आणि मला बरं वाटतं.

केक खाऊन झाल्यावर लेक रेकॉर्ड लावून बसली. बारा वर्षांची आहे. माझं मराठी तिला सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. त्या अर्ध्या मिनिटावर तिने दोनदा सुई मागे नेली आणि गुणगुणायला लागली. अगदी तस्सं, चढ्या गंधारासकट.

"अगं, तो सूर आणखी खाली आहे."

"नाइन, मामा. झो गेट दास." नाही आई, ते असंच आहे.

"असंच नाहीये! ते माझं आहे. तिने माझं ऐकून घेतलंय ते."

ती माझ्याकडे वळली. मग अगदी सहज, जर्मनमध्येच म्हणाली, "पण तू तर गातच नाहीस."

उद्धटपणा नव्हता त्यात. तिने मला गाताना खरंच कधी ऐकलेलं नव्हतं. आधी मी दार लावून गायचे. मग नोकरी लागली, मग ही झाली, आणि दार लावायचंही कारण उरलं नाही.

"ऐक मग," मी म्हटलं. रेकॉर्ड थांबवली, फोनवर तानपुरा लावला, सोफ्यावर मांडी घातली. षड्ज लागला. खरखरीत, पण लागला. रिषभावर आले. मग गंधार लावला.

लेकीचा चेहरा खुलला. "गेनाऊ!" ती ओरडली. "बघ, असंच!"

गंधार चढा लागला होता. मी थांबले, श्वास घेतला, पुन्हा लावला. पुन्हा तोच, रेकॉर्डवरचाच. आणखी खाली नेमकं कुठे जायचं, हे गळ्याला आठवेना.

"नोखमाल, मामा," पुन्हा एकदा, असं म्हणत लेक जवळ सरकली, आणि मी पुन्हा सुरू केल्यावर माझ्या सुरात सूर मिसळून गाऊ लागली. या वेळी मला तिला दुरुस्त करता आलं नाही.